मला आलेला एकच इंग्रजी शब्द

आधीच माफी मागते. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला चौथीपर्यंत कळलं नाही आणि चौथीनंतर मी शाळेत राहिले नाही. अक्षराचं तर विचारूच नये. माझी शिलाई सरळ येते, पण ओळ डावीकडून निघाली की उजवीकडं पोचेस्तोवर वर चढत जाते. हे कुणाला दाखवायचं नाही. मीच लिहिणार, मीच वाचणार. तरी माफी मागते, कारण तशी सवयच आहे. घरात एकटी असताना हातातून पातेलं पडलं तरी माझ्या तोंडातून "चुकलं बाई" निघतं. ते पातेल्याला म्हणते की भुईला, देव जाणे.

कागदही धड नाही. ब्लाउज बेतायचा खाकी कागद आहे. एका बाजूला मी बाहीचा आकार काढलेला आणि पाठीमागं हे लिहिणं. त्यामुळं काही ओळी बाहीबरोबर वळतात. वाचताना कागद फिरवावा लागेल. म्हणजे मलाच.

लिहायचं कारण माझी सून. ती बी.ए. झालेली आहे आणि अजून परीक्षा देते. दुपारी ओसरीवर मी मशीनवर बसते आणि ती खांबाला टेकून इंग्रजी शब्द पाठ करते. परवा ती एकदम हसली.

"आत्या, हे बघा. एवढासा शब्द, आन् अर्थ काय संपंनात."

"कोणता गं?"

"कट."

मी पायडल थांबवलं. "कापणं," मी म्हणाले. मला वाटलं, संपलं.

"ते पहिलंच झालं. पुढं अजून लई हायत." आणि ती बोटानं मोबाईल वर सरकवत राहिली, सरकवत राहिली.

मी पुन्हा शिवायला लागले, पण मनातल्या मनात म्हटलं, सूनबाई, मला इंग्रजीतला एवढा एकच शब्द येतो, पण त्याच्या प्रत्येक अर्थानं मला एकदा तरी रडवलंय. तिला बोलले नाही. मी कुणालाच बोलत नाही. म्हणून तर कागद लागला.

इंग्रजी माझं एका दिवसानं हुकलं. आमच्या वेळी ते पाचवीपासून असायचं आणि पाचवीचा वर्ग ओढ्यापलीकडच्या गावात. पहिल्या दिवशी नव्या गुरुजींनी एकेकाला उभं करून नाव विचारलं. माझी पाळी आली. नाव आठवत होतं, पण बाहेर येईना. गुरुजी चांगले होते. म्हणाले, "बरं, उद्या सांग." तो उद्या अजून यायचा आहे. घरी मी पोट दुखतं म्हणाले. पुढं म्हशी होत्या, धाकटा भाऊ सांभाळायचा होता, कारणं सापडत गेली. लोकांना वाटतं गरिबीनं शाळा सुटली. मीही तसंच सांगते. "नाव सांगता आलं नाही म्हणून" हे सांगण्यापेक्षा ते बरं दिसतं.

लग्न होऊन या गावात आल्यावर सासूबाईंनी मला ढोकीला शिवणक्लासला घातलं. हे कारखान्यावर सीझनपुरते कामाला जायचे, त्यांच्याच सायकलवर मागं बसून मी जायची. क्लासच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "चला, कापड कट करा." माझ्या आईच्या घरी नव्या कापडाला कापणं म्हणायचं नाही. "कापायची ती कोंबडी," आई म्हणायची, "कापड बेतायचं." त्यामुळं मी कात्री धरून तशीच उभी राहिले. शेजारच्या बाईला कीव आली. तिनं माझंही कापड कापून दिलं, स्वतःच्या मापानं. ती अंगानं माझ्या दुप्पट. मी बोलले नाही. तेच पोलकं शिवलं, तेच घालून घरी आले. सासूबाई म्हणाल्या, "सैल हाय, पर पहिलंच हाय, चालतंय." ते मी वर्षभर घातलं. वारा आला की फुगायचं.

मग दुसरे अर्थ येत गेले. बायकांना शिलाई मशीन द्यायची एक यादी गावात आली होती. त्यात माझं नाव होतं. देवळासमोर सगळे जमले, एकेकीचं नाव पुकारलं, "हजर" म्हणून पुढं यायचं. माझं नाव पुकारलं. मी खांबामागं उभी. दुसऱ्यांदा पुकारलं. माझ्या शेजारणीनं कोपरानं ढोसलं. मी हजर होते, पण तसं म्हणता येईना. "गैरहजर. नाव कट करा," असं ऐकू आलं आणि लेखणीचा आवाजही आला, किंवा मला तसं वाटलं. ह्यांनी घरी विचारलं तर मी म्हणाले, "गर्दी लई हुती." मशीन पुढं आम्ही ऊस गेल्यावर विकत घेतलं.

लाइट कट होते, ते तर रोजचंच. ढोकीच्या स्टँडवर हे म्हणतात, "दोन कट सांग," म्हणजे अर्धा अर्धा कप चहा. सांगायचं काम माझ्यावर आलं तर चहा मिळत नाही, कारण माझा आवाज हॉटेलवाल्यापर्यंत पोचत नाही. एकदा येडेश्वरीला जाताना येरमाळ्याच्या हायवेवर एका पोरानं मोटरसायकलनं आम्हाला असा कट मारला की माझ्या डोक्यावरचा पदर त्याच्या आरशाला लागला. हे मागून ओरडले, "कट मारतोस व्हय रं!" तो पोरगा थांबून मागं वळला आणि मी त्याला म्हणाले, "चुकलं बाबा." हे त्या दिवशी देवीपाशी जाईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

आणि मग मोबाईल. सुनेनं तिचा जुना मला दिला आणि शिकवलं. "बोलून झालं की कट करायचं, आत्या. हे लाल गोल दाबायचं." दाबायला अवघड काही नव्हतं, पण समोरच्याचं बोलणं आपण कसं तोडायचं? मी त्यानं कट करायची वाट बघायची. माझी बहीण बेंबळीला दिलेली आहे, तीही माझ्याच घरातली, माझ्यासारखीच. "ठेव मग." "तू ठेव आधी." "न्हाय, तू ठेव." एकदा असं करता करता दोघींच्याही घरी डाळ करपली.

त्यानंतर मी एक युक्ती केली. लाल गोल दाबायचं नाही. फोन कानापासून काढायचा, थोड्या वेळानं काच आपोआप काळी पडते, ती काळी पडली की कट झालं असं समजायचं आणि फोन पालथा ठेवायचा. समोरचा आपोआप ठेवतोच. युक्ती बरेच दिवस चालली. ती कुठं फसली ते सांगायला मी हा एवढा कागद घेतला आहे.

आमच्याकडं ब्लाउजचं माप टेपनं कुणी देत नाही. कपाटातला बरा बसणारा जुना ब्लाउज पिशवीत घालून नव्या कापडाबरोबर पाठवतात. त्याला मापाचा ब्लाउज म्हणतात. त्याच्यावरून नवा बेतायचा. बायकांना अंगाला हात लागलेला आवडत नाही म्हणून ही पद्धत, असं म्हणतात. माझ्या गिऱ्हाइकांना लाज वाटते का मला माहीत नाही. मला वाटते. ही पद्धत आधीच नसती तर मला काढावी लागली असती. टेप माझ्या गळ्यात दिवसभर असायचा, पण तो कापडाशिवाय कुणाला लागलेला नव्हता. दागिनाच म्हणायचा.

मागल्या लग्नसराईत वरच्या गल्लीतल्या वैनी आल्या. वैनींचा आवाज आधी येतो, मग त्या. त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. लेक लातूरला नर्सिंगला, होस्टेलवर. हळदीच्या आदल्या दिवशी गावी यायची होती. वैनींनी पिशवी माझ्या मशीनवर उपडी केली. शालूचा ब्लाउजपीस आणि आणखी तीन साड्यांचे तीन.

"हे घ्या बाई. शालूचा प्रिन्सेस कट पायजे म्हणतीय. बाकीचे तुमच्या मनानं. आन् हा मापाचा. तिच्याच बॅगंतनं काढलाय म्या. दिवाळीला घिऊन आली हुती."

मी मापाचा ब्लाउज मांडीवर पसरला. खांदा अरुंद. छाती बारीक. बाहीत माझा हातसुद्धा अडला असता. आणि ती पोरगी मी लहानपणापासून बघितलेली. बापासारखी भरल्या अंगाची, दोन घागरी एकदम उचलणारी. हा ब्लाउज तिचा नाही, हे मला तिथंच दिसलं. मी तोंड उघडलं.

"वैनी..."

"काय वो?"

"चहा घेताव का?"

"नगं बाई, अजून पत्रिका वाटायच्यात," म्हणून त्या गेल्या.

मग मी माझी समजूत काढत बसले. होस्टेलच्या जेवणानं वाळली असेल. हल्लीच्या पोरी लग्नाआधी जेवणच सोडतात. शिवाय वैनी आई आहेत, त्यांना कळत नसेल का? मला एक फोन करता आला असता. मी फोनकडं बघितलं, फोननं माझ्याकडं बघितलं, आणि मी कात्री घेतली.

शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला आम्ही माया म्हणतो. पुढं अंग भरलं तर शिवण उसवून तिथून वाढवता येतं. मी एरवी हातभर माया सोडणारी बाई. पण शालूचा पीस कट टू कट होता, म्हणजे जेवढ्यास तेवढा, आणि प्रिन्सेस कटाला तुकडे जास्त पडतात. म्हणून शालूला माया अगदी दोऱ्याएवढी राहिली. बाकीच्या तिन्हींनाही मग तशीच ठेवली, आतून सुबक दिसावं म्हणून. चारही ब्लाउज इतके नेटके झाले होते की मी ते दोरीवर लावून लांबून बघितले. सुनेलाही दाखवले. ती म्हणाली, "आत्या, एकदम शहरातल्यावाणी." मी दिवसभर फुगलेली होते, त्या पहिल्या पोलक्यासारखी.

पोरगी गावात आली त्या दिवशी सकाळी फोन वाजला. वैनी.

"बाई, काय शिवलंय हे? पोरीचा हात सुदीक आत जाईना!"

"व्हय," मी म्हणाले.

"व्हय काय व्हय? उद्या हळद हाय, परवा लगीन! चारीच्या चारी तसलेच!"

"चुकलं माझं."

"पोरगी रडाय लागलीय हितं. आता काय करायचं सांगा."

"भरून देते."

"काय भरून देताव? पैसं अंगात घालून उभी ऱ्हाईल का ती मांडवात?"

मी फोन कानापासून काढला. काच काळी पडली. मी तो मशीनवर पालथा ठेवला.

सून आतून आली. "काय झालं आत्या? कुणाचा हुता?"

आता माझं एक आहे. बाहेर माझ्या तोंडाला कुलूप असतं, पण घरात ते चांगलं चालतं. मी खाली बसले आणि सुरू झाले.

"काय व्हायचंय! त्यो मापाचा ब्लाउज त्या पोरीचा न्हायच! म्या पिशवीतनं निघताच वळखलं हुतं. कुण्या काडीवाणी पोरीचा हाय त्यो. ह्या बाईला स्वतःच्या लेकीचं अंग कळंना, आन् वरडणं बघ कसलं! बोलाय लागली की येशीवरले कावळे उडत्यात. सांगायचं तर ऐकून घेणारं मानूस पायजे का न्हाय समोर?"

"मग तुमी तवाच का न्हाय सांगितलं?"

"तेच तर! मीबी लई शानी ना! दिसलं हुतं, तर बोलावं का न्हाय? म्या काय केलं म्हायतेय? चहा इचारला! चहा! आता त्ये लेकरू मांडवात काय घालून उभं ऱ्हाईल? त्याच्या जल्माची गोष्ट, आन् माझं त्वांड उघडलं ते चहासाठी!"

सून हसू दाबत होती. दाबता दाबता तिची नजर मशीनवर गेली आणि हसू जागच्या जागी थांबलं. तिनं फोन उलटा केला.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "चालूच हाय."

फोनमधून वैनींचा आवाज आला. इतका बारीक आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"बाई, खरंच येशीपत्तूर जातो का वो माझा आवाज?"

मी पदर तोंडात धरला.

"पोरगी म्हणतीय, त्यो ब्लाउज तिच्या रूमवरल्या मैतरणीचा हाय. दोघींचं अदलाबदल झालं हुतं म्हणं. थांबा, आमी येताव."

आणि त्यांनी कट केलं. लाल गोल दाबून, रीतसर.

मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण वाचणारी मीच आहे. मी परड्यात जाऊन शेळीला पाला घालायला लागले. शेळीनं नुकताच खाल्लेला होता. ती माझ्याकडं बघत होती आणि मी तिला आग्रह करत होते. वैनी आणि त्यांची लेक ओसरीवर आल्याचं कळलं. सून मागं येऊन म्हणाली, "आत्या, त्या बसल्यात. चला." मी म्हणाले, "मी घरी न्हाय म्हण." ती म्हणाली, "फोनवर आवाज ऐकलाय की त्यांनी तुमचा. चांगला येशीपत्तूर." आणि तिनं माझा हात धरून मला ओसरीवर आणलं. सून कडक आहे, पण त्या दिवशी बरी लागली.

पोरगी भिंतीला टेकून बसली होती. डोळे सुजलेले, हातात मेंदी. वैनींनी शालू मांडीवर घेतला होता आणि त्या एक शब्द बोलत नव्हत्या. मला त्यांचं ते गप्प बसणं ओरडण्यापेक्षा जड गेलं. त्या ओरडल्या असत्या तर मी "चुकलं" म्हणून मोकळी झाले असते. त्या गप्प, पोरगी गप्प, सून गप्प. कुणीतरी बोलायला पाहिजे होतं आणि सगळ्या माझ्याकडंच बघत होत्या.

मी शालूचा ब्लाउज उचलला. आतून बाहेरून बघितला. कापड हातात आलं की माझी भीती थोडी कमी होते.

"वैनी," मी म्हणाले, आणि चहाचं नाव काढलं नाही. "शालूचं जे टोक कमरंला आत खोचत्यात, त्याच्यातनं दोन पट्ट्या काढते. त्ये कुणाला दिसत न्हाय. प्रिन्सेस कटाला उभ्या शिवणी असत्यातच, बगलंखालच्या शिवणी उसवून त्या पट्ट्या आत घालते आन् बाहीलाबी घालते. कापड एकच हाय, त्यामुळं जोड कळणार न्हाय. पर त्याच्यासाठी शालूला कात्री लावावी लागंल, आन् आता मला ह्या पोरीचं माप घ्यावं लागंल, टेपनं."

घराबाहेरच्या माणसापुढं एवढं लांब मी आयुष्यात एका दमात बोलले नव्हते. बोलून झाल्यावर मीच दचकले.

वैनींनी शालू छातीशी धरला. "अक्षता पडायच्या आधी शालूला कात्री? एकदा पीस काढला तेवढं बास झालं. आणखी लावली तर बरं दिसत न्हाय वो. सासू काय म्हनल तिची?"

"कापत न्हाय वैनी," माझ्या तोंडातून आईचं वाक्य निघालं, "बेततेय."

वैनींनी लेकीकडं बघितलं. ती म्हणाली, "मम्मी, दे. दुसरं काय घालू मी?" वैनींनी शालू माझ्यापुढं ठेवला, पण कात्री चालली तेव्हा तोंड फिरवून दाराबाहेर बघत बसल्या.

त्याच्या आधी माप. मी गळ्यातला टेप काढला. पोरीनं हात पसरले. टेप तिच्या पाठीमागून घ्यायचा म्हणजे जवळजवळ तिला कवेत घ्यावं लागतं, आणि मी इतकी लांबून हात पोचवायला गेले की टेप दोनदा खाली पडला. ती रडून झालेली पोरगी फसकन हसली.

"मावशी, चावत न्हाय मी."

"मला म्हाईत हाय," मी म्हणाले, पण नजर टेपावरच ठेवली. सून आकडे लिहून घेत होती. मी सांगत होते ते तिला ऐकू येईना. "आत्या, मोठ्यानं." मी मोठ्यानं सांगितलं. छातीचं माप मी मोठ्यानं सांगितलं आणि नेमके त्याच वेळी हे अंगणात आले. ते आल्या पावली मागं फिरले. दुपारपर्यंत घरी आले नाहीत.

शिवायला बसले आणि लाइट कट झाली. मशीनची मोटर बंद. पट्टा पायडलला लावला आणि पायानं शिवलं. वैनी शेजारी बसून पदरानं मला वारा घालत होत्या. मधेच म्हणाल्या, "कावळे खरंच उडत्यात का वो?" मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "आमचे मालकबी असंच म्हणत्यात, पर म्हणताना लांब उभं ऱ्हाऊन." मग दोघी हसलो. वैनींचं हसणंही येशीपर्यंत जातं.

ब्लाउज पोरीच्या अंगात गेला. "हात वर कर," मी म्हणाले, "माळ घालायची हाय." तिनं हात वर केले. शिवण तटतटली नाही. तिनं पुन्हा केले, उगीचच, आणखी उंच. वैनींनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी कापडाचे तुकडे गोळा करत राहिले, कारण डोळ्यांचं काय करावं कळत नव्हतं.

लग्नात मी बायकांच्या अगदी मागं बसले होते. अक्षता पडत असताना माझं लक्ष नवरदेवाकडं नव्हतं, बगलेखालच्या जोडाकडं होतं. जोड दिसला नाही.

पण बाकीचे तीन ब्लाउज वाया गेले होते. त्या साड्यांना आत खोचायला फारसं कापडच नव्हतं, आणि वेळही नव्हता. वैनींना त्याच दिवशी धाराशिवला माणूस पाठवून रेडीमेड आणावे लागले. लग्न झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. जाताना वाटेत वाक्य पाठ केलं होतं, दारात विसरले. शेवटी "रेडीमेडचे पैसे," एवढंच निघालं.

"सोडा वो," वैनी म्हणाल्या. "ब्लाउज चुकीचा दिला म्या."

"वळखला हुता म्या."

"मग निम्मी चूक तुमची, निम्मी माझी. निम्मं कट करा." त्यांनी विषय संपवला. मला वाटलं पुरे. पण निम्मेसुद्धा माझ्याजवळ एकदम नव्हते. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आमच्या घरचं शिवणं तुमच्याकडंच येतंय की. त्याची शिलाई देत न्हाय मी. तिच्यातनं कट करत जाऊ."

तेव्हापासून वैनींचे, त्यांच्या जावेचे, त्यांच्या सासूचे ब्लाउज आले, नाती-पुतण्यांचे परकर आले, आणि प्रत्येक वेळी नेताना वैनी दारातूनच ओरडायच्या, "बाई, कट करा!" गल्लीत लोकांना वाटायचं मी कापड बेतायला बसलेली आहे. हे म्हणायचे, "फुकटात शिवायला बसलीस व्हय?" मी म्हणायचे, "फुकट न्हाय." त्याच्यापुढं सांगायला मला आणखी एक पूर्ण वाक्य लागलं असतं.

एक गोष्ट मात्र झाली. आता मापाचा ब्लाउज आला की मी तो पसरते आणि विचारते, "हा कुणाचा?" बायका हसतात. एकदोघी चिडल्याही. पण विचारते. कुणाच्या अंगाला टेप लावायचा म्हणजे अजूनही माझ्याच कानाच्या पाळ्या तापतात.

परवा, म्हणजे सुनेनं तो शब्द काढला त्याच दिवशी, वैनींची लेक आली. डोहाळजेवणासाठी माहेरी आली होती. हातात हिरवी साडी, मागं वैनी. ओसरीवर उभी राहून तिनं दोन्ही हात पसरले.

"मावशी, मापाचा ब्लाउज आणलेला न्हाय. मीच आले."

मी माप घेतलं. टेप एकदाच पडला. सून खांबाला टेकून आकडे लिहीत होती आणि मी तिला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं सांगत होते. हे घरात नव्हते, ते आधी बघून घेतलं होतं. ब्लाउजला मी दोन्हीकडून भरपूर माया ठेवली. अजून दोन महिने तिचं अंग वाढायचं होतं.

आज वैनी तो न्यायला आल्या. ब्लाउज उलटा करून आतली माया बोटानं चाचपून बघितली आणि कनवटीच्या पाकिटातून पैसे काढून माझ्या मशीनवर ठेवले.

"ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले. "कट करा."

"कशातनं कट करू? मागल्या खेपंला सासूबाईचे दोन नेले तवाच फिटले की. तुमच्या ध्यानात न्हाय व्हय?"

माझ्या ध्यानात होतं. पैसे फिटले हे मला चांगलं ठाऊक होतं, पण ते त्यांना सांगायचं कसं म्हणून मी हा ब्लाउजही तसाच शिवून द्यायचं ठरवलं होतं. कदाचित पुढचेही. वैनींनी विचारलं नसतं तर मी त्यांच्या नातवाचं लग्न होईपर्यंत फुकट शिवत बसले असते.

"हाय की ध्यानात," मी म्हणाले.

"मग घ्या की." त्यांनी पैसे माझ्या हातात कोंबले आणि दारातून वळून गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "फिटलं सगळं! आता बाईंचं माझ्याकडं न् माझं बाईंकडं काय ऱ्हायलं न्हाय!"

मी पैसे मोजले नाहीत, मशीनच्या खणात ठेवून दिले.